गाजलेल्या शॉर्टफिल्मचं फीचर करावं का?

कोरीफ्रेम:
शॉर्टफिल्म १६ मिनिटांची आहे. एक घर, एक रात्र, दोन पात्रं. म्हातारे वडील घर विकू द्यायला तयार नाहीत आणि मुलगी त्यांची समजूत काढतेय. शेवटच्या मिनिटाला कळतं, की तिने घर आधीच विकलंय. महोत्सवांत फिल्मचं कौतुक झालं. आता निर्माते म्हणताहेत, याचंच १०० मिनिटांचं फीचर, म्हणजे पूर्ण लांबीचा चित्रपट, करा. गोष्ट तेवढी ताणली जाईल की फाटेल, हे स्क्रिप्ट लिहायला बसण्याआधी कसं ओळखायचं? आणि जुनं फुटेज, कलाकार, संगीत यातलं काय पुढे वापरता येतं?

पटकथावही:
कौतुक झालं हा फीचर करण्याचा निकष नाही. ‘शेवटच्या शॉटनंतर पात्रांवर काय ओढवतं?’ हा प्रश्न कामाचा आहे. एका पानावर फक्त तेवढंच लिहून पाहा. पान भरलं तर तुमच्याकडे गोष्ट आहे. चार ओळींत अडलात तर वर्तुळ पूर्ण झालेलं आहे, त्याला हात लावू नका.

‘व्हिपलॅश’ची १८ मिनिटांची शॉर्ट (२०१३) बघा: ड्रम शिकणारा विद्यार्थी आणि त्याचा कठोर शिक्षक. फीचरची स्क्रिप्ट आधी लिहून तयार होती. पैसा उभा राहावा म्हणून तिच्यातला पहिल्या तालमीचा भाग शूट केला. म्हणजे ती मोठ्या गोष्टीतून कापलेली फोड होती. ती फीचरच्या पहिल्या एक तृतीयांशात बसली आणि पुढची वाट मोकळी राहिली. २०१४ चं ते फीचर १९ दिवसांत शूट झालं.

तुमची फिल्म वेगळ्या जातीची आहे. तिची सगळी ताकद एक माहिती लपवण्यात आहे. १६ मिनिटं लपवणं सोपं. दीड तास लपवायला गेलात तर प्रेक्षक अर्ध्या तासात ओळखतो आणि उरलेला वेळ तुमची वाट पाहत बसतो. मग लेखक घाबरून भरती करतो: शेजारी, जुना प्रियकर, लहानपणीचे फ्लॅशबॅक. गोष्ट फाटते ती इथे.

उपाय असा, की उलगडा शेवटून उचलून विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला आणायचा, आणि तोही फक्त प्रेक्षकासाठी. वडिलांना काही माहीत नाही. आता तेच संवाद पुन्हा वाचा. ‘या भिंतीला यंदा रंग द्यायला हवा’ असं वडील म्हणतात तेव्हा शॉर्टमध्ये ते साधं वाक्य होतं. इथे मुलगी काय उत्तर देते याकडे जीव लागतो. धक्का एका क्षणात संपतो, ताण तासभर टिकतो. मात्र त्यासाठी मुदत हवी. ताबा किती तारखेला द्यायचा, कागदावर वडिलांची सही लागते का, नवा मालक मोजमापाला कधी येणार, हे पक्कं करा. एक रात्र पुरणार नाही. आठ-दहा दिवस घ्या.

संकलनकक्ष:
वरच्या म्हणण्यात एक भर. फीचर करताना सगळ्यात आधी नासतं ते न सांगितलेलं. ‘९’ ही ११ मिनिटांची अॅनिमेशन शॉर्ट (२००५) संवादाशिवाय होती. २००९ च्या फीचरमध्ये पात्रं बोलू लागली, जग कसं उद्ध्वस्त झालं तेही सांगून टाकलं, आणि मूळचं गूढ पातळ झालं. उलट ‘लाइट्स आउट’ची शॉर्ट तीन मिनिटांचीही नाही, दिवा घालवला की आकृती दिसते, लावला की नाही, एवढीच युक्ती. फीचरमध्ये (२०१६) ती युक्ती आई आणि मुलांच्या नात्याला जोडली आणि ८१ मिनिटांत आवरलं. निर्मात्यांशी १०० वर अडू नका. दोन पात्रांच्या गोष्टीला ८५ भरपूर झाली.

जुनं फुटेज वापरू नका. लेन्स, प्रकाश, कलाकाराचं वजन, केस यातलं काहीतरी जुळत नाही, आणि ग्रेडिंगने (शूटनंतरच्या रंगसुधारणेने) रंग जुळतो, चेहरा नाही. सीन नव्याने शूट करा. ‘थंडर रोड’च्या फीचरने (२०१८) शॉर्टमधला, आईच्या अंत्यविधीत गाणं लावून नाचणाऱ्या पोलिसाचा एकसलग शॉट पुन्हा घेतला, पण या वेळी गाणं चालूच होत नाही आणि तो गाण्याविना नाचतो. तोच सीन जास्त लागतो.

करारनामा:
कागदपत्रं आत्ताच काढा. संगीताचा परवाना बहुधा फक्त महोत्सवांपुरता आणि ठरावीक मुदतीचा असतो. फीचरसाठी तो नव्याने घ्यावा लागतो आणि शॉर्ट गाजली की हक्कदार जास्त पैसे मागतात. कथा दोघांनी लिहिली असेल तर दुसऱ्याकडून फीचरचे हक्क लेखी घ्या. शॉर्ट एखाद्या चित्रपट-शिक्षण संस्थेत शिकताना केली असेल तर मालकी कुणाची ते तपासा. कलाकारांना तोंडी शब्द देऊ नका: ‘व्हिपलॅश’मध्ये शिक्षकाचा नट तोच राहिला, विद्यार्थ्याचा बदलला.

आणि ‘मधलं काहीतरी, ५० मिनिटांचं करू’ असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंत लघुपट, त्यापुढे फीचर. ५० मिनिटांची फिल्म नियमाने फीचर ठरते, पण महोत्सवात आणि थिएटरात तिला जागा मिळणं फार कठीण.

कोरीफ्रेम:
उलगडा आधी आणला तर शेवटी काय उरतं? वडिलांना कळणं हाच क्लायमॅक्स धरायचा का?

पटकथावही:
नाही, ते साठाव्या मिनिटाच्या आसपास घ्या. शेवटासाठी राखलंत तर पुन्हा शॉर्टचाच आराखडा होतो. कळल्यावर वडील काय करतात, हा तिसरा अंक: सही करतात, घर सोडत नाहीत, की मुलीला कळल्याचं दाखवतच नाहीत. मला तिसरा पर्याय सर्वांत भरीव वाटतो, कारण मग लपवणारा माणूस बदलतो आणि मुलीच्या प्रत्येक खोट्याला वडील जाणूनबुजून साथ देतात. आधी या तिन्ही शेवटांचे सीन प्रत्येकी दोन पानांत लिहा. एकही उभा राहिला नाही तर निर्मात्यांना दुसरी गोष्ट द्या.