सेझानचं टेबल वाकडं का? लेकीच्या प्रश्नाचं उत्तर हवंय

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार. प्रश्न माझ्या मुलीचा आहे, पण आता मलाही उत्तर हवंय.

ती नववीत आहे आणि यंदा चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला बसतेय. सरावाला वस्तुचित्र होतं: पितळी तांब्या, दोन पेरू, एक वांगं आणि खाली चुरगळलेलं फडकं. चित्र तपासून आलं तेव्हा टेबलाच्या कडेवर लाल फुली होती. फडक्याच्या डावीकडची कड आणि उजवीकडची कड एका रेषेत येत नव्हती. तांब्याचं तोंडही गरजेपेक्षा जास्त उघडं काढलंय, असा शेरा होता. तिनं चूक मान्य केली, खोडलं आणि पुन्हा काढलं.

त्याच आठवड्यात वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात तिला पॉल सेझान या फ्रेंच चित्रकाराचं 'सफरचंदांची टोपली' हे चित्र दिसलं. स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "आई, ह्यांची पण कड जुळत नाही. बाटली तर सरळ कलंडलीय." मला वाटलं हिला तसं वाटत असेल. तिनं कंपासमधली पट्टी काढून पानावर ठेवली. खरंच जुळत नाही. मधे पांढरं कापड आहे, आणि त्याच्या दोन बाजूंना जणू दोन वेगळी टेबलं आहेत.

आणि खाली लिहिलंय, आधुनिक चित्रकलेचा जनक.

'मोठा माणूस होता, त्याला चालतं' हे उत्तर मी देऊन बघितलं. तिनं ते मानलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलेलं नाही. इथे चित्रकलेतली जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारते.

उंब्रजकर

थोडक्यात सांगायचं तर सेझानमुळे पुढचा क्युबिझम, म्हणजे वस्तू घनाकारांत मोडून काढायची शैली, शक्य झाली. तो १९०६ मध्ये गेला. दुसऱ्या वर्षी पॅरिसच्या शरद प्रदर्शनात त्याची ५६ चित्रं एकत्र लावली होती आणि तरुण चित्रकारांची तिथे रीघ लागली. १९०८ मध्ये त्यांतलाच एक, ब्राक, लेस्ताक या गावी जाऊन राहिला. सेझाननं जिथे वर्षानुवर्षं चित्रं काढली तेच हे गाव. तिथली घरं ब्राकनं अशी काढली की समीक्षक व्हॉक्सेल म्हणाला, हे तर सगळं घनाकार. नाव तिथून पडलं. पिकासो तर सेझानला आपल्या सगळ्यांचा बाप म्हणायचा.

कड का जुळत नाही हे मात्र मास्तरांनीच सांगावं.

निवृत्त कलाशिक्षक, सातारा

ताई, लेकीनं पट्टी लावली हे वाचून फार आनंद झाला. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पण छापील चित्रावर पट्टी ठेवून बघणारी मुलं मला दोन-तीनच भेटली.

पहिली गोष्ट, फुली बरोबर आहे. परीक्षेच्या वस्तुचित्रात एका जागी बसायचं, डोळ्याची पातळी एकच ठेवायची आणि तिथून दिसतं तेवढंच उतरवायचं. तांब्याचं तोंड किती उघडं दिसणार हे त्या पातळीवर ठरतं. ही शिस्त हाताला लागलीच पाहिजे. सेझाननंही ती लावून घेतली होती. वडील टोप्यांच्या धंद्यातून बँकवाले झालेले, त्यांना पोरगा वकील व्हायला हवा होता. हा कायद्याच्या वर्गाला बसायचा आणि गावातल्या, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या एक्सच्या, चित्रशाळेत मॉडेल समोर ठेवून रेखाटनं करायचा. तिथे १८५९ मध्ये त्याला दुसरं बक्षीस मिळालंय. त्यामुळे, काढता येत नव्हतं म्हणून कड चुकली, हा मुद्दा निकालात निघतो.

आता पुस्तक पुन्हा उघडा. उजवीकडे ताटलीत बिस्किटांची चळत आहे. खालची बिस्किटं समोरून दिसतात, वरची थोडी वरून. टोपली एका ठोकळ्यावर टेकवून पुढे झुकवलीय, सफरचंदं आता घरंगळतील असं वाटतं, आणि ती घरंगळत नाहीत. बाटली डावीकडे कलते, झुकलेली टोपली आणि कापड तिला तोलून धरतात. आता मनातल्या मनात बाटली सरळ करा आणि कड जुळवा. सगळं चित्र ढिलं पडतं. मी मुलांना ट्रेसिंग पेपर देऊन हे करायला लावायचो. कड जुळवलेला कागद आणि मूळ चित्र शेजारी ठेवलं की शेवटच्या बाकावरच्या पोरालाही फरक दिसायचा.

हे त्यानं कशासाठी केलं? तो अतिशय सावकाश काम करायचा. फळं नासायची. फुलं कोमेजतात म्हणून कागदी फुलं मांडायचा. फळाला हवा तसा कल यावा म्हणून खाली नाणी सरकवायचा. चित्रांचा व्यापारी व्होलार, ज्यानं १८९५ मध्ये त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, त्याचं व्यक्तिचित्र काढताना सेझाननं त्याला ११५ वेळा समोर बसवलं. एकदा बिचारा बसल्या बसल्या पेंगला आणि खाली पडला, तर सेझान ओरडला, सफरचंद कधी हलतं का? आणि एवढं करून म्हणाला काय, तर सदऱ्याचा पुढचा भाग बरा जमलाय. हे व्होलारनंच लिहून ठेवलंय.

इतका वेळ एखाद्या वस्तूसमोर बसलात की मान हलतेच. कधी पुढे वाकता, कधी मागे रेलता. दर वेळी कड जराशी सरकते. कॅमेरा एका क्षणात, एका डोळ्यानं बघतो. माणूस दोन डोळ्यांनी, तासन् तास, आधीचं लक्षात ठेवून बघतो. युरोपात चारशे वर्षं यथार्थदर्शनाचा (पर्स्पेक्टिव्हचा) नियम होता की यातला एकच क्षण खरा धरायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे. सेझाननं ते बाकीचे क्षणही चित्रात घेतले. मरायच्या दीड महिना आधी त्यानं मुलाला पत्र लिहिलंय, त्याचा आशय असा: नदीकाठी एकाच जागी बसून जरा उजवीकडे, जरा डावीकडे झुकलं तरी इतके विषय मिळतात की जागा न हलता महिनोन् महिने काम पुरेल. ताई, तुमच्या लेकीच्या वाकड्या कडेचं उत्तर या पत्रात आहे.

दुसरी गोष्ट रंगाची, आणि माझ्या मते ती कडेपेक्षाही मोठी. आपण मुलांना शिकवतो की फळ गोल दिसायला हवं तर एका बाजूला उजेड ठेवा, दुसरीकडे गडद करा. मुलं पेरूच्या हिरव्यात काळा मिसळतात आणि पेरू मळकट होतो. सेझान सफरचंद वळवायचा ते रंगानं. जिथे ते आपल्या अगदी जवळ येतं तिथे उबदार पिवळा किंवा नारिंगी, मग लाल, मग जांभळट, आणि कडेला जिथे ते आपल्यापासून वळून जातं तिथे थंड हिरवा-निळा. प्रत्येक रंगाचा फटकारा वेगळा, शेजारच्यात न घोटलेला. रंग उडवला तर आकारच उरत नाही, इतके दोन्ही एकजीव. माझ्याजवळ आधी त्याच्या एका चित्राचं काळं-पांढरं छापील पान होतं आणि त्यावरून मला काहीच कळलं नव्हतं. रंगीत छपाई हातात आली तेव्हा मी चाळिशीला आलो होतो. त्या रात्री मी ते पान जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून बसलो होतो.

हे तो एकट्यानं शिकला नाही. १८७२ च्या सुमारास पिसारो या चित्रकारानं त्याला सोबत घेऊन उघड्यावर चित्रं काढायला बसवलं, तोवर त्याची चित्रं काळपट आणि जाड लेपाची होती. इम्प्रेशनिस्टांच्या, म्हणजे क्षणाक्षणाचा उजेड पकडणाऱ्या चित्रकारांच्या, १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनात तो होता, १८७७ लाही होता. मग त्याला वाटायला लागलं की उजेडाच्या मागे लागता लागता वस्तूचं वजन हरवतंय. तो गावी परतला आणि सेंत व्हिक्टॉयर नावाचा डोंगर धरून बसला. १०११ मीटरचा चुनखडीचा डोंगर. त्याची तीसच्या वर तैलचित्रं त्यानं केली, जलरंगातली वेगळी.

मी शाहूपुरीत राहतो. गच्चीवरून अजिंक्यतारा दिसतो. त्या पानानंतर मी दर रविवारी दुपारी चारला तिथूनच किल्ला काढायला बसलो, चार वर्षं. पहिल्या वर्षी मी किल्ल्याची बाह्यरेषा काढून आत रंग भरत होतो. तिसऱ्या वर्षी कधीतरी, पावसाळा संपून गवत पिवळं पडायला लागलेलं असताना, लक्षात आलं की तटाखालचा कातळ करडा नाहीये. उन्हाकडचा कातळ गवतापेक्षा किंचित गुलाबी आहे आणि घळीतला निळा, आणि त्या दोन रंगांच्या मधे कुठेही रेषा नाही. मी रेषा काढणं थांबवलं. त्या दिवशीचं चित्र अर्धंच राहिलं, कागद जागोजागी कोरा आहे. सेझानच्या शेवटच्या चित्रांतही कॅनव्हास असाच उघडा दिसतो, कारण जिथे नेमका रंग सापडला नाही तिथे तो खोटा रंग भरायचा नाही. माझ्या घरात भिंतीवर लावलेलं माझं ते एकच चित्र आहे.

कृष्णाकाठची (सांगली)

सर, तुमचं सगळं उत्तर तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. मधे तिनं दोनदा थांबवून पुस्तक बघितलं.

मग तिनं डायनिंग टेबलावर तांब्या ठेवला आणि त्याच्या दोन बाजूंना टेबलाची कड दिसेल असं फडकं टाकलं. आधी खुर्चीत ताठ बसून डावीकडची कड काढली. अर्ध्या तासानं, जेवून आल्यावर, उजवीकडची काढली. तेव्हा ती थोडी सैलावून बसली होती. कड खाली आली! तिनं मला बोलावून तिच्या जागी बसवलं, आधी ताठ, मग सैल. मलाही दिसलं. तांब्याचं तोंड मिटत मिटत जातं.

म्हणजे सरावाच्या चित्रात तिचं हेच झालं होतं का? ती दोन दिवस काढत होती, दुसऱ्या दिवशी बाक बदलला होता.

वाईचा रंगपेटीवाला

मी व्यवसायानं चित्रकार आहे. मास्तरांच्या उत्तराला एक जोड देतो, कारण हे सगळं फ्रान्सचं, आपला काय संबंध, असं कुणाला वाटू नये.

१९४७ मध्ये मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट काढला. दुसऱ्या वर्षी रझा काश्मीरला चित्रं काढायला गेले होते. श्रीनगरात त्यांना छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटले. त्यांनी रझांची चित्रं बघितली आणि सांगितलं की रंग चांगले आहेत, पण यात बांधणी नाही, तुम्ही सेझान बघा. रझांनी ते मनावर घेतलं, फ्रेंच शिकले, शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० मध्ये पॅरिसला गेले. पुढे जे बिंदू आणि त्रिकोण, चौकोन आपण बघतो, त्यांच्याखाली ती बांधणी आहे. चित्रकार अमृता शेरगिलवरही सेझानचा आणि गोगँ या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराचा ठसा होता, आणि ती तर आधीच्या पिढीतली.

तेव्हा आपल्याकडची आधुनिक चित्रकला समजून घ्यायची तर या वाकड्या टेबलाजवळ थांबावंच लागतं. मास्तर, एक विनंती, तुमच्या त्या अर्ध्या किल्ल्याचा फोटो टाका.

निवृत्त कलाशिक्षक, सातारा

ताई, हो, अगदी तेच झालं असणार. तिला सांगा, परीक्षेच्या दिवशी बसायची जागा आणि डोळ्याची पातळी ठरवून घे, समोरच्या भिंतीवरची एखादी खूण लक्षात ठेव आणि दर वेळी मान तिथे आणून मगच पेन्सिल उचल. घरी मात्र आजच्यासारखं काढत राहा. तो कागद तारीख घालून जपून ठेवा.

रंगपेटीवाले, फोटो उद्या सकाळच्या उजेडात काढतो.

आणखी एक. दिवाळीच्या सुट्टीत लेकीला घेऊन औंधला या. यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे, १९३८ पासून. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे आणि हा सगळा संग्रह त्यांनी उभा केला. आधी राजा रविवर्म्याची चित्रं बघा: कातडीवरचा उजेड, साडीची जर, सगळं एका जागेवरून, एका क्षणाचं, आणि त्यात काय कमाल हात आहे माणसाचा! तुमच्या लेकीच्या परीक्षेला जे हवंय ते तिथे सर्वांत उंचीवर दिसतं.

मग तिथेच हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं शिल्प आहे ते बघा. साताऱ्याच्या एका गावात मूर आहे हे अजूनही कितीतरी जणांना माहीत नाही. या मूरनं १९२२ मध्ये, विद्यार्थी असताना, पॅरिसमध्ये एका खाजगी संग्रहात सेझानचं स्नान करणाऱ्या बायकांचं मोठं चित्र बघितलं आणि ते त्याच्या मनातून आयुष्यभर गेलं नाही. पुढे १९६० मध्ये त्यानं सेझानचं तसंच एक छोटं चित्र स्वतःसाठी विकत घेतलं. फ्रेंच चित्रकार माटिसनंही हातात पैसा नसताना १८९९ मध्ये असंच एक घेतलं होतं आणि ३७ वर्षं जवळ ठेवलं.

शिल्पाभोवती फिरता येतं तेवढं फिरा. एका जागी उभं राहून आईचा खांदा आणि मुलाचं डोकं बघायचं, मग दोन पावलं बाजूला सरकून पुन्हा बघायचं. वही बरोबर असू द्या. येणार असाल त्या दिवशी मला कळवा, मी साताऱ्याहून सकाळच्या एसटीनं येतो.