मदत हवी आहे : २०२२ पासून पुढचं पॉवर पॉप आणि इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र बँडचं), गच्चीवर ऐकवण्याजोगं

गोदातीर_४२२

नमस्कार मंडळी,

इथे नाशिकला, गंगापूर रोडला आमची महिन्यातून एकदा गच्चीवर ऐकण्याची बैठक असते. एकानं तास-दीड तासाचं संगीत निवडून आणायचं, बाकीच्यांनी गप्प बसून ऐकायचं (हे जमत नाही), मग चहा-चिवडा आणि भांडणं. कुमारजी झाले, सलील चौधरी झाले, एकदा अख्खी संध्याकाळ लावणीची झाली. पुढची पाळी माझी आहे आणि मी 'पॉवर पॉप' असं जाहीर करून मोकळा झालोय. लगेच एका वहिनींनी अट घातली : सगळं २०२२ पासून पुढचं पाहिजे. "भाऊजी, तुम्ही दर वेळी गेलेल्या माणसांची गाणी लावता."

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गिटार मोठ्या आवाजात, पण राज्य चालीचं. मुखडा लवकर येतो आणि डोक्यात बसतो, दोन-तीन गळे एकत्र गातात, तीन-साडेतीन मिनिटांत काम तमाम. नाव दिलं 'द हू'च्या पीट टाउनशेंडनं, १९६७ साली, स्वतःच्याच बँडबद्दल बोलताना. पुढे मेम्फिसच्या बिग स्टारनं १९७२ मध्ये पहिली रेकॉर्ड काढली. वितरणाच्या गोंधळात ती दुकानांत पोचलीच नाही, आणि नंतरच्या दोन पिढ्यांनी तिचीच पारायणं केली. हे सगळं माझ्याकडे आहे. नवीन नाही. अ‍ॅपला विचारलं की ते पुन्हा चीप ट्रिक आणि द नॅक हे सत्तरच्या दशकातले बँडच घेऊन येतं.

काय हवंय ते सांगतो. शब्द नाही कळले तरी चाल पोचली पाहिजे, कारण निम्म्या मंडळींना इंग्रजी उच्चार पकडता येत नाहीत आणि मला मधेमधे अर्थ सांगत बसायचं नाही. नुसती साठच्या दशकाची नक्कल नको. आणि स्पीकर एकच आहे, ब्लूटूथचा. खाली रस्त्याचं काम चालू आहे (कुंभमेळा, दुसरं काय), त्यामुळे फार हळुवार काही लावलं तर डंपर जिंकतो. भारतीय असेल तर उत्तमच, मराठी असेल तर मी सुचवणाऱ्याला मिसळ खिलवेन.

कसारा_फास्ट

पहिलं आणि बिनशर्त उत्तर : द बेथ्स. न्यूझीलंडच्या ऑकलंडचे. २०२२ चा 'एक्स्पर्ट इन अ डाइंग फील्ड' आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेला 'स्ट्रेट लाइन वॉज अ लाय', दोन्ही घ्या. गाणारी आणि लिहिणारी एलिझाबेथ स्टोक्स, तिचा जन्म जकार्ताचा. ही मंडळी विद्यापीठात जॅझ शिकलेली आहेत, पण ते मिरवत नाहीत. ते कळतं फक्त मागच्या आवाजांवरून. बँडमधले सगळेच गातात आणि कोरस नुसता मागे 'आ-आ' करत नाही, मुख्य गायिकेशी सवाल-जवाब करतो. २०२२ च्या अल्बमचं शीर्षकगीतच लावा. शेवटी एकच ओळ घोळवत घोळवत आवाज वाढत जातो, ती न कळताही लोक गुणगुणतील.

२०२५ चा अल्बम थोडा जड आहे. त्यात आईवरचं एक गाणं आहे, 'मदर, प्रे फॉर मी', जवळजवळ नुसत्या गिटारवर. उत्तम आहे, पण तुमच्या डंपरसमोर टिकणार नाही. ते घरी ऐका, एकटे.

मी पंचवटी एक्स्प्रेसनं जाऊन-येऊन असतो, त्यामुळे एक फुकटचा सल्ला : गच्चीवर नेटच्या भरवशावर राहू नका. सगळं आधी उतरवून घ्या. घाटात मुखडा ऐकून अंतऱ्याआधी रेंज गेली की काय होतं ते मला विचारा.

तिसरी_घंटा

द लेमन ट्विग्ज! 'अ ड्रीम इज ऑल वी नो', मे २०२४. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे दोन सख्खे भाऊ, ब्रायन आणि मायकल डॅडारिओ. सख्ख्या भावांचे गळे जुळतात तसे दुसरे कोणाचे जुळत नाहीत. 'माय गोल्डन यिअर्स'नं सुरुवात करा, वहिनी गप्प होतील.

गोदातीर_४२२

@कसारा_फास्ट, बेथ्स पक्के. धन्यवाद.

@तिसरी_घंटा, ऐकलंय. गातात सुरेखच. पण मला तिथेच अडायला होतं. केस तसे, कपडे तसे, टेपवरचं ध्वनिमुद्रण तसं. १९६६ ची हरवलेली रेकॉर्ड सापडली म्हणून कोणी खपवली तरी मी विश्वास ठेवीन. मग साठच्या दशकातले मूळ बीच बॉइजच का नको?

तिसरी_घंटा

कारण मूळ बीच बॉइजनी ही चाल बांधलेली नाही, साहेब. घराण्याची गायकी घेतली म्हणून कोणाला नक्कल म्हणता का तुम्ही? तुमच्याच बैठकीत ख्याल ऐकताना हा प्रश्न कोणी विचारला होता? मला विचाराल तर आधीचा 'एव्हरीथिंग हार्मनी' (२०२३) जास्त खोल आहे, पण तो संथ. गच्चीसाठी २०२४ चाच.

मोरवाडी_मेल

दोघांच्या मधला रस्ता सांगतो : शार्प पिन्स. शिकागोचा काई स्लेटर नावाचा तरुण, लाइफगार्ड या बँडमध्ये बराच कर्कश वाजवतो आणि शार्प पिन्स या नावानं अशी गोड गाणी करतो. 'रेडिओ डीडीआर' आधी २०२४ मध्ये कॅसेटवर निघाला, २०२५ मध्ये पुन्हा नीट प्रकाशित झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'बलून बलून बलून' आला. जुनेपणा यातही ठासून भरलाय, पण हा पोरगा घाईत आहे. आवाज फाटतो, गाणं दोन मिनिटांत उरकतं, कुठे कुठे शिस्त सुटते. लेमन ट्विग्जमध्ये इस्त्री आहे, इथे चुरगळलेला सदरा. 'एव्हरी टाइम आय हिअर' लावून बघा. मात्र तुमच्या स्पीकरवर हे फार खरखरीत वाजेल, सलग दोनच्या वर लावू नका.

आणि ज्येष्ठांपैकी टीनेज फॅनक्लब विसरू नका. स्कॉटलंडचे, १९८९ पासूनचे, पण 'नथिंग लास्ट्स फॉरेव्हर' सप्टेंबर २०२३ चा आहे, म्हणजे अटीत बसतो. गेलेली माणसं नाहीत, हयात आहेत आणि वाजवत आहेत. पन्नाशी-साठीतल्या माणसांनी म्हातारपणाबद्दल इतक्या स्वच्छ गळ्यानं गावं, याचं मला अप्रूप वाटतं. तुमच्या मंडळींचं वय काय माहीत नाही, पण त्यांना हे बेथ्सपेक्षा लवकर भिडेल असा माझा अंदाज.

वाचनमात्र_नाही

वाचनखूण साठवली.

अवांतर : मंडळी आरडीवाली असतील तर गिटारच्या झणकाऱ्याला घाबरणार नाहीत. 'दम मारो दम'मधली भूपिंदर सिंगांची गिटार कान तयार करून गेली आहे. बारा तारांची गिटार आधी समजावून सांगा. जॉर्ज हॅरिसनच्या हातातली रिकनबॅकर कंपनीची बारा तारांची गिटार १९६४ च्या बीटल्सच्या सिनेमात बघून 'द बर्ड्स' या बँडच्या रॉजर मॅग्विननं तशीच घेतली, आणि तिथून पुढे तो खणखणाट या सगळ्या घराण्याला लागला. एवढं दोन वाक्यांत सांगितलंत तर लोक ऐकताना गिटार शोधू लागतील. शब्द कळत नाहीत ही तक्रार आपोआप मागे पडते.

गोदातीर_४२२

हे आवडलं, असंच करतो. भारतीय काही? मिसळ वाट पाहतेय.

कसारा_फास्ट

मिसळ तुमचीच तुम्ही खा. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बीटा' (ऑगस्ट २०२४) सगळे सुचवतील. मलाही अतिशय आवडतो, पण तो पॉवर पॉप नाही. त्यात ब्रास आहे, डिस्को आहे, लग्नाच्या मिरवणुकीची झाक आहे, चाल वाकडी वाट करून येते. वेगळ्या बैठकीचा माल आहे. पुण्याचे ईझी वाँडरलिंग्ज गोड आहेत, पण मवाळ. 'अ‍ॅज रिटन इन द स्टार्स' २०१७ चा, म्हणजे वहिनी नापास करतील. मराठीत अभंग रीपोस्ट गिटार-ड्रम घेऊन अभंग गातात आणि जोरकस गातात. त्याला पॉवर पॉप म्हणणं म्हणजे ओढूनताणून, तरी शेवटी टाळ्या हव्या असतील तर विचार करा.

मोरवाडी_मेल

नवीन शोधायचं असेल तर अ‍ॅपचा नाद सोडा, बँडकँपवर जा, म्हणजे बँड स्वतःची गाणी थेट विकतात त्या साइटवर. तिथे 'पॉवर पॉप' आणि 'जँगल पॉप' (jangle, म्हणजे खणखणत्या गिटारचं) अशा खुणांनी शोधता येतं, ताजं वर उघडतं, आणि विकत घ्यायच्या आधी बहुतेक गाणी पूर्ण ऐकता येतात. एक आवडलं की ज्यांनी ते विकत घेतलंय त्यांचे संग्रह उघडून बघा. माझ्यासारख्या आवडीची चार माणसं मला तिथे सापडली आणि यंत्रापेक्षा त्यांचं जास्त पटतं. डिजिटल विक्रीवर बँडकँप १५ टक्के ठेवतं. काही शुक्रवारी तेही सोडतं, ही प्रथा २०२० च्या मार्चपासूनची. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी चालू करून ठेवा. फाइल हातात आली की कसारा_फास्ट म्हणतात तो रेंजचा प्रश्नही मिटतो.

गोदातीर_४२२

क्रम असा लावतोय : आधी बारा तारांची गोष्ट, मग टीनेज फॅनक्लबचं 'फॉरेन लँड', बेथ्सची तीन, शार्प पिन्सची दोन, आणि लेमन ट्विग्जचं एक, तेही @तिसरी_घंटा यांच्या धाकानं. अभंग रीपोस्ट चहानंतर, विषय संपल्यावर. टोरंटोच्या अल्व्हेजचा 'ब्लू रेव्ह' (ऑक्टोबर २०२२) माझ्याकडे आहे, पण त्यात गिटारचा धुरळा इतका आहे की आमच्या स्पीकरवर कोणतं गाणं निभावेल कळत नाही. एकच लावायचं असेल तर?

वाचनमात्र_नाही

'आफ्टर द अर्थक्वेक'. वेगवान आहे, गिटार सुटी सुटी वाजते आणि चाल धुरळ्याच्या वर राहते. 'बेलिंडा सेज'मध्ये शेवटाकडे सूर वर सरकतो तिथे माझ्या अंगावर काटा येतो, पण तुमच्या स्पीकरवर तेवढाच भाग चिरकेल. स्पीकर भिंतीला पाठ लावून ठेवा, कठड्यावर नको.

तिसरी_घंटा

एक नाही, दोन लावा ट्विग्जची. आणि वहिनी काय म्हणाल्या ते इथे येऊन सांगा.