वानखेडेला मॅच बघायला जायचंय, रूम स्टेडियमजवळ घ्यावी की स्टेशनजवळ?

केळीचा पट्टा
मंडळी, रविवारची रात्रीची आयपीएल मॅच आहे, साडेसातची, वानखेडेला. तिकिटं निघाली एकदाची, तीन. मी, आप्पा (वय ६८, उजवा गुडघा कामातून गेलेला) आणि पोरगा, पाचवीतला. शनिवारी रात्री जळगावहून विदर्भ एक्सप्रेसनं बसायचं, रविवारी सकाळी सीएसएमटी, परतीचं सोमवारी दुपारचं आहे. अडलंय ते रूमवर. चर्चगेटच्या अंगाला एक बरी रूम बघून ठेवली होती, मंगळवारचं भाडं ३८०० दाखवतंय आणि तीच रूम, तोच पलंग, मॅचच्या रात्री ६५००. आमचं बजेट ३००० चं, ओढूनताणून ४०००. घरी सगळे म्हणताय की कल्याणला नाहीतर ठाण्याला स्वस्तात राहा, लोकलनं जा-ये करा. माझं मत असं की पैसे गेले तरी चालतील, मॅच सुटल्यावर पाच मिनिटांत पाठ टेकली पाहिजे. आप्पांना घेऊन अर्ध्या रात्री लोकलची धक्काबुक्की मला नको. चुकतंय का माझं? चुकत असेल तर बोला बिनधास्त.

भुसावळ जंक्शन
चुकतंय. तुम्ही फक्त रात्री साडेअकराचा विचार करून राहिले, सकाळी सातचं काय? विदर्भ सातच्या आसपास सीएसएमटीला टेकते आणि ते चर्चगेटवालं हॉटेल चेक-इन देणार दुपारी बाराला, काही ठिकाणी तर दोनला. रात्रभर गाडीत अवघडलेला ६८ वर्षांचा माणूस आणि एक पोरगं घेऊन पाच-सात तास बसणार कुठे? लवकर रूम मागितली की अर्ध्या दिवसाचं भाडं वेगळं. म्हणजे ६५०० चे झाले साडेआठ-नऊ हजार. त्यापेक्षा सीएसएमटीच्या समोर, फोर्टात, मस्जिद बंदरकडे २४ तास चेकआउटवाले जुने लॉज आहेत, सात वाजता शिरलं की दुसऱ्या दिवशी सातपर्यंत रूम तुमची. अंघोळ, झोप, दुपारी आरामात तयार होऊन मॅचला. आपल्या भागातनं मुंबईला जाणाऱ्या माणसानं रूम स्टेडियमपासून किती लांब ते बघायचंच नसतं, गाडीपासून किती लांब ते बघायचं. तीस वर्षं झाली मला ये-जा करून.

केळीचा पट्टा
भाऊ, चेक-इनचं खरंच डोक्यात नव्हतं. पण सीएसएमटी ते वानखेडे दोनेक किलोमीटर आहे. जाताना टॅक्सी मिळेल, येताना त्या गर्दीत आप्पा चालणार कसे? आणि सात ते सात म्हटलं तर सोमवारी सकाळी सातला रूम सोडा, गाडी दुपारची. तुमचा प्रश्न फक्त एक दिवस पुढे सरकला की.

भुसावळ जंक्शन
सोमवारी सामान क्लोकरूमला टाका. बॅगेला कुलूप पाहिजे मात्र, बिनकुलपाची बॅग घेत नाही तो माणूस, आणि तिकीट दाखवावं लागतं. एकदा मी ऐनवेळी बाहेर जाऊन ५० रुपयांचं कुलूप आणलंय आणि चेनीला एकच कडी म्हणून ते बसेना, शेवटी नाडीनं बांधून त्यात अडकवलं.

चोपड्याची लेक गिरगावची सून
मी इथे बारा वर्षं राहते, दोघांचं अर्धं-अर्धं बरोबर आहे. एक गोष्ट आधी सांगते, आपल्याकडचे लोक दरवेळी फसतात त्यात. दक्षिण मुंबईत रिक्षा नाही. वांद्रे आणि सायनच्या अलीकडे रिक्षा येतच नाही. माझा मामा चर्चगेटबाहेर पंधरा मिनिटं रिक्षा शोधत उभा होता! काळी-पिवळी टॅक्सी आहे, कमीत कमी भाडं ३१ रुपये, पण मॅच सुटल्यावर एवढ्या जवळचं भाडं कोणी घेत नाही आणि पोलिसांनी स्टेडियमभोवतीचे रस्ते अडवलेले असतात त्यामुळे ॲपची गाडी पण आतपर्यंत येत नाही. भुयारी मेट्रो आता कफ परेडपर्यंत झालीय, चर्चगेटला आणि सीएसएमटीला स्टेशन आहे, जाताना मस्त. पण ती रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते आणि तुमची मॅच तेव्हा पंधराव्या-सोळाव्या ओव्हरला असणार. थोडक्यात येताना चालायचंच आहे, किती चालायचं तेवढं ठरवा.

तर चर्चगेटही नको आणि सीएसएमटीही नको, धोबी तलाव बघा. मेट्रो सिनेमाच्या आजूबाजूला. वानखेडेपासून किलोमीटरभर, सीएसएमटीपासून त्याहून कमी. गर्दी सगळी चर्चगेट स्टेशनकडे लोटते, तुम्ही मरीन लाइन्सच्या बाजूनं निघा, मोकळं असतं. आप्पांना मध्ये दोन ठिकाणी टेकवत आणलं तरी अर्ध्या तासात रूमवर.

धुळ्याचा भो
अरे भो, रूम लागस कसाले? एका रातीसाठी चार हजार! साडेअकराला मॅच सुटली की सरळ सीएसएमटी, बारा वाजून दहाची महानगरी एक्सप्रेस, सकाळी उठाल तं भुसावळ. आम्ही चौघं असंच गेलतो दोन वर्षांमागे. सकाळी प्लॅटफॉर्मवर तोंड धुतलं, दिवसभर फिरलो, रात्री मॅच. हॉटेलचा एक रुपया नाही. दशम्या, ठेचा घरचा, पाणी तेवढं विकत.

भुसावळ जंक्शन
आणि गाडी भेटली का? खरं सांग.

धुळ्याचा भो
काय सांगू भो, फजिती व्हयनी. शेवटच्या ओव्हरपर्यंत कोण उठतंय, पळत पळत बाराला स्टेशनात पोचलो, गाडी उभी, डब्यात चढलो, आमच्या सीटवर दुसरेच झोपलेले. टीसी म्हणे तुमचं तिकीट कालचं आहे. रात्री बारा-दहाची गाडी म्हणजे तारीख पुढची लागते ना, आम्ही रविवारची मॅच म्हणून रविवारचंच काढलं, ती गाडी शनिवारच्या रात्रीच निघून गेलती. दंड भरून दरवाजात बसून आलो. पण तरी हॉटेलपेक्षा स्वस्तच पडलं.

केळीचा पट्टा
दादा, तुमचा सल्ला आप्पांना वाचून दाखवला, हसून हसून ठसका लागला त्यांना. दरवाजात बसायची तयारी आहे म्हणताय, उठवायला दोन माणसं द्या.

शहादेकर
६५०० मागणारे लुटारू आहेत, दुसरा शब्द नाही. तोच पलंग, तीच गादी, तोच गळका नळ. सरकारनं भाड्यावर मर्यादा घातली पाहिजे. सारंगखेड्याच्या यात्रेत हेच, दत्तजयंतीच्या दिवसांत घोडे बघायला माणूस आला की शहादा-दोंडाईच्यात खोलीचा भाव ऐकून तापीत उडी मारावी वाटते.

पारोळा पेठ
शहादेकर, तुमच्याकडे यात्रेत चहाचा भाव वाढत नाही का? सारंगखेड्याला चांगल्या घोड्याचा भाव यात्रेत वाढतो तेव्हा कोणी लूट म्हणत नाही, खोलीचा वाढला की लूट. माझ्या काकांचा लॉज आहे, छोटा, नऊ खोल्या. आषाढात माशा मारत बसतात. लग्नतिथीचे वीस-पंचवीस दिवस असतात त्यावर वर्षाचा पगार निघतो पोरांचा. चूक गिऱ्हाइकाची पण आहे, मॅचची तारीख लागली त्या दिवशी रूम घ्यायची, रद्द करता येईल अशी, मग तिकीट मिळो न मिळो. तुम्ही तिकीट हातात आल्यावर जागे होता तेव्हा सगळी मुंबई तेच शोधत असते.

शहादेकर
आगाऊ बुकिंग केलेलं पण ऐनवेळी रद्द करतात, भाव वाढला की. माझ्यासोबत झालंय. ‘पाइप फुटला, रूम बंद आहे’ म्हणून फोन आला आदल्या दिवशी, आणि मित्रानं त्याच हॉटेलात त्याच रात्रीची रूम विचारली तर दुप्पट भावात हजर. पाइप पैशानं जोडला जातो वाटतं.

पारोळा पेठ
हे मात्र हरामखोरीच. याची बाजू घेत नाही मी.

तापीकाठ
एवढं काय चाललंय, आकाशवाणी आमदार निवास आहे ना. मंत्रालयाजवळ. तिथनं वानखेडे टॅक्सीनं पाच मिनिटं. आमदारांच्या माणसाकडून चिठ्ठी आणा, झालं.

चोपड्याची लेक गिरगावची सून
ती चिठ्ठी ज्याला केईएमला नाहीतर टाटाला पेशंट दाखवायचाय त्याला मिळू द्या हो. मॅचसाठी नका मागू. आमच्या गावातला माणूस केमोच्या आधी तीन रात्री हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर होता.

तापीकाठ
ताई, बरोबर आहे तुमचं. बोललो ते मागे घेतो.

नंदुरबार लोकल
ठाणे-कल्याणला सगळेच नाव ठेवून राहिले पण स्टेडियम कोणतं ते बघा ना आधी. जानेवारी २०२५ ला कोल्डप्लेचा कार्यक्रम नेरुळला डी. वाय. पाटीलमध्ये होता तेव्हा मी ठाण्यात राहिलो. नेरुळ, वाशी, बेलापूर सगळीकडे भाव आभाळाला. ठाण्याहून नेरुळची थेट लोकल आहे ट्रान्स-हार्बरची, मध्ये बदलायची गरज नाही. आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या ठाणे नाहीतर कल्याण घेतात, सीएसएमटीला जाऊन उलटं यायचंच नाही. स्टेशनच्या पश्चिमेला १८०० मध्ये साधी स्वच्छ रूम मिळाली. वानखेडेसाठी ठाणे मूर्खपणा, नेरुळसाठी ठाणे शहाणपणा.

भुसावळ जंक्शन
हे पटलं. वानखेडेसाठी कल्याण तर अजिबात नको. मध्य रेल्वेची शेवटची लोकल मध्यरात्रीच्या आसपास सुटते, मॅच सुपर ओव्हरला गेली की संपलं. चर्चगेटहून एकच्या सुमारापर्यंत गाड्या असतात पण त्या बोरिवली-विरारकडच्या, आपल्या काय कामाच्या. आणि रविवार आहे, दिवसा मेगाब्लॉक असला तर येताना पण रखडाल.

अमळनेरची मास्तरीण
कुठली रूम हे ठरवाच, पण फोन करून लिफ्टचं विचारा, कारण गुडघा तुमच्या आप्पांचा आहे. आम्ही सासूबाईंना घेऊन फोर्टात एका जुन्या इमारतीत उतरलो होतो. ॲपवर ‘लिफ्ट आहे’ लिहिलेलं. होती. जाळीच्या दरवाजाची, पण ती सुरू व्हायची पहिल्या मजल्यावरून, तिथपर्यंत लाकडी जिना, बावीस पायऱ्या, सासूबाईंनी मोजल्या. आणि लिफ्टमन रात्री दहाला घरी गेला की लिफ्टला कुलूप. नाटक बघून साडेअकराला आलो, चौथा मजला. प्रत्येक मजल्यावर त्या बसल्या आणि प्रत्येक मजल्यावर मला नवीन काहीतरी ऐकवलं. खोली म्हणजे मोठ्या हॉलला प्लायवूड मारून केलेले चार कप्पे, शेजारचा माणूस कूस बदलला तरी आम्हाला कळायचं, आणि खिडकी होती पण ती उघडायची पॅसेजमध्ये.

तेव्हा विचारायचं ते असं, लिफ्ट तळमजल्यावरून आहे का, रात्री किती वाजेपर्यंत चालते, खिडकी रस्त्यावर उघडते की आत, संडास खोलीत की बाहेर आणि कमोड आहे का. ‘सगळी सोय आहे’ असं उत्तर आलं की समजायचं काहीच नाही. व्हॉट्सॲपवर त्याच खोलीचा व्हिडिओ मागवा. देतात, ज्यांना लपवायचं नसतं ते देतात.

पारोळा पेठ
आणि टॅक्स बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारापर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झालाय, आधी १२ होता. काही जण अजून तोंडी १२ सांगतात, बिल मागितलं की ५ होतो.

चाळीसगाव कटिंग
रिटायरिंग रूमचं कोणी बोललंच नाही? कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर टाकून ऑनलाइन मिळते, १२ तासांपासून ४८ तासांपर्यंत. सीएसएमटीला मिळाली तर लॉटरीच. मुंबई सेंट्रलला तर पॉड हॉटेल पण आहे २०२१ पासून.

भुसावळ जंक्शन
पॉडमध्ये आप्पांना कुठे घालता राव, कपाटात झोपल्यासारखं होतं. रिटायरिंग रूमला मात्र प्रयत्न करा, मिळायची आशा ठेवू नका.

केळीचा पट्टा
रिटायरिंग रूम भरलेली दाखवतेय. काल संध्याकाळी सात ठिकाणी फोन केले, मास्तरीणबाईंचे प्रश्न कागदावर लिहून घेतले होते. चार जणांनी ‘सगळी सोय आहे’ सांगितलं. एकानं लिफ्टचं विचारल्यावर फोनच ठेवला. धोबी तलावाच्या मागच्या गल्लीत एक मिळालं, दुसरा मजला, लिफ्ट तळमजल्यावरून आणि रात्रभर चालू, चेकआउट २४ तासांचं. भाडं ३४०० अधिक ५ टक्के. व्हिडिओ पाठवला त्यानं, त्यात गादीवर त्याचंच पोरगं अभ्यास करत बसलंय, ते बघून आप्पा म्हणे हेच घे.

भुसावळ जंक्शन
म्हणजे गाडीजवळच घेतलं शेवटी. मी काय म्हणत होतो.

चोपड्याची लेक गिरगावची सून
गाडीजवळ कसलं, स्टेडियमपासून चालत अंतरावर घेतलंय त्यांनी.

केळीचा पट्टा
तुमचं चालू द्या. मला एवढंच सांगा, वानखेडेत बॅग, पाण्याची बाटली आणि पॉवरबँक नेऊ देत नाही म्हणताय, आप्पांची काठी नेऊ देतात का?

धुळ्याचा भो
काठी नेऊ देतील भो, पण शेवटच्या ओव्हरला आप्पांपासून जरा लांब बसजो.