विकतच्या क्रीमचे लोणी जमून येत नाही : मार्गदर्शन हवे आहे

सर्वांना नमस्कार.

मी बेळगावात शहापूर भागात राहते. पूर्वी आमच्याकडे ओळखीच्या गवळ्याकडून म्हशीचे दूध येत असे आणि त्याची साय साठवून, विरजून घरीच लोणी काढले जाई. त्यांनी जनावरे विकल्यापासून पिशवीचे दूध घ्यावे लागते. त्यातील टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्यावर साय इतकी पातळ धरते की आठवडाभर साठवूनही ती घुसळण्याजोगी होत नाही. सासूबाईंना जोंधळ्याच्या भाकरीबरोबर किंचित आंबूस चवीचे, बिनमिठाचे पांढरे लोणी लागते आणि गोकुळाष्टमीच्या नैवेद्यालाही विकतचे पिवळे, खारे लोणी ठेवणे आम्हांला रुचत नाही. म्हणून दुकानातून क्रीम आणून लोणी काढायला घेतले आहे. परंतु साईचे लोणी जसे रवीला गोळा होऊन येते, तसे हे येत नाही.

आमच्या येथे किराणा दुकानात मिळणारे क्रीम बहुतेक कागदी खोक्यातले असते व त्यावर २५ टक्के स्निग्धांश लिहिलेला असतो. हे क्रीम बर्फाचे पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवले की आधी फेस येतो, मग ते घट्ट होते आणि त्यानंतर कण फुटण्याऐवजी पुन्हा सैल पडते. विरजण लावून ठेवलेल्या क्रीमचे कण फुटले, पण ते रव्याहून बारीक होते आणि गाळताना कापडातून निसटून गेले. खाली राहिलेले ताक घट्ट आणि तुपकट होते, म्हणजे लोणी त्यातच राहून गेले असावे. केकचे सामान मिळते त्या दुकानातील व्हिपिंग क्रीम तर फुगून तसेच उभे राहते, त्याला पाणीच सुटत नाही.

मला समजून घ्यायचे आहे ते असे : लोणी काढण्यासाठी नेमके कोणते क्रीम घ्यावे? खोक्यातल्या क्रीमचे लोणी मुळात निघते का, आणि निघत असल्यास विरजून काढावे की गोडेच घुसळावे? एका खोक्यातून किती लोण्याची अपेक्षा ठेवावी? आणि पावसाळ्याच्या दिवसांत हे लोणी किती काळ टिकते? सासूबाईंचे वय झाले आहे व त्यांचे जेवणही थोडे झाले आहे. जे दोन घास त्या आवडीने खातात, त्यात हे लोणी आहे. म्हणून अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद

ताई, नमस्कार. मी निपाणीकडचा असून दुधाच्या व्यवसायात बरीच वर्षे काढली आहेत. आपण घुसळण्याची पद्धत बदलून पाहत आहात, परंतु अडचण मुख्यतः क्रीमच्या जातीत आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

दुधातील स्निग्धांश बारीक गोळ्यांच्या रूपाने तरंगत असतो आणि प्रत्येक गोळीभोवती एक पातळ पापुद्रा असतो. घुसळताना हा पापुद्रा फाटतो, गोळ्या एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे कण होतात. खोक्यातले क्रीम महिनोन्‌महिने टिकावे म्हणून काही सेकंद १३५ अंशांच्याही वर तापवलेले असते, आणि त्यावर साय किंवा लोणी वेगळे होऊ नये म्हणून त्यातील गोळ्या यंत्राच्या दाबाने फोडून अतिशय बारीक केलेल्या असतात. या बारीक गोळ्यांवर दुधातील प्रथिनांचे नवे आवरण बसते आणि ते सहजी फाटत नाही. शिवाय बहुतेक खोक्यांत घट्टपणा टिकवणारे पदार्थही घातलेले असतात. ज्या गोष्टीने लोणी तयार होते तीच रोखण्यासाठी हे क्रीम बनवलेले असते, त्यामुळे त्यातून थोडेच आणि बारीक लोणी निघाले, तर तो आपल्या हाताचा दोष नव्हे.

केकच्या दुकानातल्या क्रीमचे घटक वाचून पाहावेत. त्यात दुधाऐवजी वनस्पती तेल लिहिलेले असेल, तर त्याचे लोणी कधीच निघणार नाही, कारण त्यात दुधाचा स्निग्धांशच नसतो. दुधापासून बनवलेले, ३५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असलेले व्हिपिंग क्रीमही मिळते. ते महाग असते, पण त्याचे लोणी पुष्कळ सहज येते.

माझे स्पष्ट मत असे की खोक्याचा नाद सोडून डेअरीवर मिळणारे सुटे क्रीम घ्यावे. दूध यंत्रात फिरवून वेगळे काढलेले हे क्रीम घट्ट असते आणि त्यातील गोळ्या फोडलेल्या नसतात. मिठाई करणारे हेच क्रीम नेतात, त्यामुळे आदल्या दिवशी सांगून ठेवल्यास बाजूला काढून ठेवतात. म्हशीच्या दुधाचे असल्यास लोणी पांढरे निघते, कारण गाईच्या दुधाला पिवळसरपणा देणारे कॅरोटीन म्हशीच्या दुधात जवळजवळ नसते. मात्र हे क्रीम कच्च्या दुधाचे असेल, तर ते तसेच विरजू नये. कच्च्या दुधातून ब्रुसेलासारखे जंतू येऊ शकतात आणि आपल्या घरी वृद्ध माणूस आहे. मंद आचेवर ढवळत ८० अंशांपर्यंत, म्हणजे कडेला बारीक बुडबुडे दिसून चांगली वाफ येईपर्यंत तापवावे, काही मिनिटे तसेच ठेवावे आणि कोमट झाल्यावरच विरजण लावावे.

खोक्याचेच क्रीम वापरणे भाग असल्यास ते विरजूनच घुसळावे. आंबटपणामुळे प्रथिनांचे आवरण कमजोर होते आणि गोळ्या जुळायला मदत होते. सासूबाईंना हवी असलेली चव आणि वासही विरजणामुळेच येतो. २०० मिलिलिटरला चहाचा एक चमचा ताजे दही पुरे. सध्याच्या हवेत दहा-बारा तासांत ते लागते. लागल्यावर चक्क्यासाठी बांधतो तसे पातळ कापडात बांधून काही तास फ्रिजमध्ये टांगावे. थोडे पाणी निथळून स्निग्धांशाचे प्रमाण वाढते. घुसळण्याआधी पाणी घातले की ते प्रमाण उलट घटते, आणि २५ टक्क्यांच्या क्रीमला ते सोसत नाही, म्हणून बर्फाचे पाणी कण फुटू लागल्यावरच घालावे.

आता तापमान. घुसळताना क्रीम १० ते १३ अंशांच्या दरम्यान असावे. फार थंड असल्यास स्निग्धांश कडक राहून चिकटत नाही आणि गरम असल्यास कण न होता तुपकट लगदा होतो. मिक्सरचे पाते फार वेगाने फिरते व त्याने क्रीम तापते, म्हणून थांबून थांबून फिरवावे. त्यापेक्षा रवी किंवा हाताचे बीटर चांगले. कण मोहरीएवढे दिसले की थांबावे. त्यानंतर आणखी फिरवत राहिल्यास ताक लोण्यात कोंडले जाते व ते लवकर खवट होते.

हिशेब असा : २५ टक्क्यांच्या २०० मिलिलिटर क्रीममध्ये साधारण ५० ग्रॅम स्निग्धांश असतो आणि लोण्यात तो ८० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे सगळा हाती आला तरी सुमारे ६० ग्रॅम लोणी. खोक्यातून प्रत्यक्षात याहून कमीच निघेल.

प्रतिसाद

मी खानापूर तालुक्यातली. वरच्या सविस्तर माहितीत एवढीच भर घालते की पिशवीचेच दूध घेत असाल तर ६ टक्के स्निग्धांशाचे फुल क्रीम दूध घ्या आणि त्यावर ‘होमोजिनाइज्ड’ (म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे स्निग्धांशाच्या गोळ्या फोडून बारीक केलेले) असे लिहिलेले नाही ना, ते पाहा. तसे नसेल तर मंद आचेवर तापवून, न हलवता निवू दिल्यास त्यावर जाड साय येते. ती विरजणात साठवत गेल्यास नैवेद्यापुरते लोणी घरच्या दुधातूनच निघेल आणि क्रीम आणावेच लागणार नाही. गोकुळाष्टमीसाठी मी हेच करीन.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे डेअरीवर सुट्या क्रीमची चौकशी करते आणि दूधही बदलून पाहते. टिकण्याविषयी मात्र कळले नाही. आमच्याकडे लोण्याचा गोळा पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत आहे, ती फ्रिजमध्येही पाळावी का?

प्रतिसाद

होय ताई, पाळावी. पाण्यामुळे लोण्याला हवा व फ्रिजमधले वास लागत नाहीत. आधी गार पाण्यात दोन-तीन वेळा, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन ताक पूर्ण काढावे, कारण लोणी बिघडते ते आत राहिलेल्या ताकामुळे. त्यानंतर उकळून थंड केलेल्या पाण्यात गोळा बुडेल असा ठेवावा आणि पाणी रोज बदलावे. बिनमिठाचे लोणी असे चार-पाच दिवस चांगले राहते. त्याहून अधिक असेल तर चव उतरण्याची वाट न पाहता कढवून तूप करावे. आपल्याकडे कढवताना विड्याचे पान घालतात, तसे अवश्य घालावे. सुट्या क्रीमचे लोणी निघाल्यावर ताक कसे दिसते ते येथे लिहावे. ते पातळ आणि निळसर दिसले, तर लोणी पुरते निघाले असे समजावे.