एकच डोस सगळ्यांना पुरत नाही

पुराच्या पाण्यातून आल्यावर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा एक डोस घेतला की लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा संसर्ग) चिंता नको, असं लिहिलेलं वाचलं. एकदाच पाण्यातून चाललेल्या, पायाला जखम नसलेल्या माणसासाठी ते ठीक. पण मुंबई महापालिकेच्या सूचनांमध्येच जखम असेल तर ३ दिवस आणि वारंवार पाण्यात उतरावं लागत असेल तर आठवड्याला एकदा असं ६ आठवडे औषध सांगितलंय. सफाई कामगार, फुटपाथवर संसार असलेले लोक या शेवटच्या गटातले. दर आठवड्याला त्यांच्या हातात गोळी कोण ठेवणार? गरोदर बायका आणि ८ वर्षांखालच्या मुलांना तर डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, ॲझिथ्रोमायसिन देतात. त्यामुळे उरलेली गोळी शेजारच्या पोराला देऊ नका, दवाखान्यात न्या. तापाबरोबर पोटऱ्या ठणकत असतील तर त्याच दिवशी.