मदत हवी आहे: वाचनाची पातळी सगळ्या शाळांत एकसारखी कशी तपासायची?

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे. आमच्या केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षकांनी ठरवलंय, दुसरी ते पाचवीच्या मुलांना रोज तासभर इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवायचं: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. लहान मुलांना वाचन-गणित पक्कं यावं म्हणून केंद्र सरकारने काढलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाची मुदत २०२६-२७ ची, त्यामुळे घाई आहेच.

घोडं अडलंय तपासणीवर. चौथीतला एक पोरगा अख्खा धडा घडाघडा म्हणतो, बोट मात्र भलत्याच ओळीवर! एक गुरुजी त्याला ‘गोष्ट’मध्ये धरतात, दुसऱ्या बाई ‘शब्द’मध्ये. (शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, यावरून चांगलीच जुंपली. मी बाईंच्या बाजूने.) तांड्यावरची पोरं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात; त्यांनी अर्थ गोरमाटीत सांगितला तर चालवायचा का? माझ्या मते चालवावा, पण एकमत नाही.

त्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबं निघतात. सोबत गेलेल्या पोरांची पातळी कारखान्याकडच्या शाळेला कशी कळवता? स्थलांतर करणाऱ्या पोरांना शाळा देते त्या शिक्षण हमी पत्रकावरच कुणी लिहून देतं का?

पुस्तकाबाहेरचे, जोडाक्षरं असलेले चार-पाच ओळींचे उतारे कुणी तयार केले असतील तर कृपया पाठवा. लातूर-परभणीकडच्यांनी जरूर सांगा.