मदत हवी आहे : बाबांच्या कॅथेटरच्या बाजूने लघवी गळतेय

घाईगडबड
काल रात्रीपासून कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) कडेने लघवी येतेय. चादर तीनदा बदलली. डॉक्टर सोमवारी येणार. नळी मूत्राशयात धरून ठेवणाऱ्या आतल्या फुग्यात आणखी पाणी भरलं तर गळती थांबेल का? सिरिंज घरात आहे. पटकन सांगा.

वॉर्डनंबरनऊ
फुग्याला हात लावू नका. लघवी आत शिरायचं छिद्र फुग्याच्या वर असतं. फुगा मोठा केला की त्याच्या खाली जास्त लघवी साचते, मूत्राशयाचं तोंड दाबलं जातं, कळा येतात आणि गळती वाढते. आता सांगा : नळीचा नंबर (जाडी) किती? घालून किती दिवस झाले? रबरी पिवळसर आहे की पारदर्शक सिलिकॉन? बॅगेत काही उतरतंय का? ताप, थंडी, बरळणं? आणि संडास शेवटची कधी झाली?

चिंचगूळ
16 असेल तर 20 घाला, सरळ उपाय. बारीक नळीच्या कडेनेच गळतं.

वॉर्डनंबरनऊ
चिंचगूळ, नाही. मूत्रमार्ग नळीभोवती आपोआप मिटतो, भोक मोठं आहे म्हणून गळत नाही. जाड नळीने मूत्रमार्ग सोलवटतो, मूत्राशय आणखी चिडतं. 20-22 नंबर लागतो तो रक्ताच्या गुठळ्या असताना.

चिंचगूळ
नर्सिंग ब्युरोतून घरी येणारे सगळे मोठाच घालतात.

वॉर्डनंबरनऊ
घालतात, म्हणूनच सांगतेय.

आरामखुर्ची
कॅथेटर हवंच कशाला? काढा, डायपर लावा. इन्फेक्शनची कटकटच नको.

नळीवाला
प्रोस्टेटमुळे लघवी अडली म्हणून घातलं असेल तर डायपर काय करणार? तुंबेल. काढून बघायचं तर आधी प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सकाळच्या वेळी. रात्री घरी नाही.

घाईगडबड
मी साधा प्रश्न विचारला होता. असो. 16 नंबर, पिवळं, 5 आठवडे झाले. प्रोस्टेटसाठीच. ताप नाही. बॅगेत थोडी आहे, कडेच्या कठड्याला अडकवलीय. संडास 5 दिवस नव्हती, पण काल थोडं पातळ झालं म्हणून जुलाब थांबायची गोळी दिली.

वॉर्डनंबरनऊ
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं!

ती गोळी बंद. 5 दिवस नाही आणि मग पातळ, हा बहुतेक जुलाब नसतो. आत घट्ट संडासचा खडा अडकलाय, त्याच्या कडेने पाणी झिरपतंय. तो खडा मूत्राशयाला, नळीला दाबतो. इसबगोल देऊ नका, पाणी कमी पिणाऱ्या अंथरुणावरच्या माणसाला ते आणखी घट्ट बसतं. एनिमा की सपोझिटरी (गुदद्वारातून सरकवायची गोळी), ते डॉक्टरांना फोनवर विचारा.

बॅग कठड्यावरून काढून पलंगाच्या खालच्या दांडीला लावा, मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची. नळीला पीळ नको, मांडीखाली दबलेली नको, मांडीला पट्टीने सैलसर बांधा.

नळीवाला
सिलिकॉनचं कोटिंग असलेलं रबरी कॅथेटर साधारण 4 आठवडे, साधं रबरी त्याहून कमी. पूर्ण सिलिकॉन 12 आठवड्यांपर्यंत. तुमचं कदाचित आतून क्षाराने अर्धं बुजलंय. घरी सलाईन जोराने मारून मोकळं करू नका, आजच बदलून घ्या. सोमवार कशाला? फुग्यात डिस्टिल्ड वॉटर, सलाईन नाही. सलाईनचे स्फटिक झाले तर पुढच्या वेळी फुगा रिकामा होत नाही. किती मिली ते झडपेवर छापलेलं असतं.

आरामखुर्ची
लघवी गढूळ असेल तर अँटिबायोटिक सुरू करा, म्हणजे चिंताच नको.

वॉर्डनंबरनऊ
नुसत्या गढूळपणावर नाही. महिनाभर नळी असली की तपासणीत जंतू सापडतातच. ताप, थंडी, अचानक गोंधळणं असेल तरच. पाणी दिवसाला दीड-दोन लिटर, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.

सायलीची_वेल
थोडं अवांतर : युरोबॅग चक्क जांभळी झाली तर? एअरबेड कुठला चांगला?

नळीवाला
जांभळी : बद्धकोष्ठ, जंतू आणि बॅगेचं प्लास्टिक मिळून तो रंग येतो. दिसायला भयंकर, सहसा निरुपद्रवी. तरी डॉक्टरांना कळवा. एअरबेडचा वेगळा धागा काढा.

घाईगडबड
बॅग खाली लावली. 300 मिली एकदम उतरली, गळती कमी वाटतेय. पोट टणकच आहे.

वॉर्डनंबरनऊ
कुठलं टणक? बेंबीखाली? चार तास बॅगेत काही उतरलं नाही आणि ओटीपोट फुगलं, तर रात्र आहे हे न बघता कॅज्युअल्टीत न्या. नळी कापू नका, ओढू नका. आणि धुताना शिश्नाची पुढची कातडी मागे घेतली असेल तर ती परत पुढे आणलीय ना, तेवढं आत्ता बघा. मागेच राहिली तर सुजते.

घाईगडबड
मागेच होती. पुढे आणली. फोन लावतोय.

चिंचगूळ
18 तरी घालून बघा.